दोन डोळ्यांचा हिशेब

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मोतीबिंदू हा शब्द आपल्या घराघरात आहे. आजोबांच्या डोळ्यात 'मोती उतरला', आजीचा मोतीबिंदू 'पिकला', असं आपण सहज बोलतो. मी कविता लिहिणारा माणूस, त्यामुळे शब्द कुठून आला याची खोड मला फार. फारसीत याच आजाराला 'आब-ए-मरवारीद' म्हणतात. मरवारीद म्हणजे मोती, आब म्हणजे पाणी. मोत्याचं पाणी म्हणा किंवा मोत्याचा बिंदू, दोन्ही भाषांनी बाहुलीतला तो पांढुरका ठिपका पाहिला आणि दोघींनाही मोतीच आठवला. अरबी वैद्य त्याला 'नुजूल-उल-मा' म्हणत, म्हणजे पाणी उतरणं. डोक्यातून एक पाणी उतरतं आणि ते डोळ्यात बाहुलीमागे साचून गोठतं, अशी त्यांची समजूत होती. अकराव्या शतकात अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये गेले तेव्हा या 'उतरत्या पाण्या'साठी 'कॅटरॅक्टा' हा शब्द वापरला गेला. कॅटरॅक्टा म्हणजे धबधबा. आज डॉक्टरांच्या चिठ्ठीवर जो 'कॅटरॅक्ट' आपण वाचतो, तो हाच.

नावं सुंदर आहेत, पण त्यांच्यामागचं निदान चुकीचं होतं. डोळ्यात कुठलंही पाणी उतरत नाही. डोळ्यातलं नैसर्गिक भिंग, जे जन्मतः काचेसारखं स्वच्छ असतं, तेच गढूळ होतं. हे नीट सिद्ध व्हायला अठरावं शतक उजाडावं लागलं. १७०५ मध्ये पिअर ब्रिसो या फ्रेंच वैद्याने एका मृत सैनिकाचा डोळा उघडून पाहिला, तेव्हा त्याला पाण्याचा गोठलेला पडदा सापडला नाही, गढूळ झालेलं भिंग सापडलं. म्हणजे हजारभर वर्षं जगातले मोठमोठे वैद्य एका आजारावर उपचार करत होते आणि तो आजार नेमका कुठे आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं.

आज मी बोलणार आहे ते उपचाराबद्दल कमी आणि नोंदीबद्दल जास्त. आजार काय, कोणत्या डोळ्यात, किती, आणि तो कागदावर कसा लिहिला, याचा हा इतिहास आहे. विषय कोरडा वाटेल. पण तंजावरच्या राजवाड्यापासून आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या चिखल्यापर्यंत हा कागद माणसाच्या नजरेशी कसा बांधलेला आहे, ते आपण पाहू.

सुरुवात सुश्रुतापासून करायला हवी. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात लिंगनाश या नावाने दृष्टी जाण्याचा आजार येतो, आणि त्यातल्या कफजन्य प्रकारावर शस्त्रक्रिया सांगितली आहे. जवाच्या टोकासारखी अणकुचीदार शलाका घ्यायची, डोळ्याच्या पांढऱ्या भागातून आत न्यायची आणि बाहुलीसमोरचा अडथळा बाजूला सारायचा. त्यात एक बारकावा आहे. डावा डोळा असेल तर उजव्या हाताने आणि उजवा डोळा असेल तर डाव्या हाताने काम करावं, असं तिथे सांगितलं आहे. सर्व प्रकारच्या दृष्टिनाशात शलाका घालू नये, कोणता रोगी योग्य आणि कोणता अयोग्य हे आधी पाहावं, हेही सांगितलं आहे. म्हणजे निदान आधी, बाजू नक्की, आणि मग हात.

पुढे इ. स. १००० च्या सुमारास मोसूलचा अम्मार इब्न अली हा नेत्रवैद्य झाला. पोकळ सुईने मोतीबिंदू शोषून काढण्याची पद्धत त्याने लिहून ठेवली, म्हणून वैद्यकाच्या इतिहासात त्याचं नाव घेतात. मला त्याच्या ग्रंथातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. मोतीबिंदूच्या सहा रुग्णांची हकीकत त्याने तपशिलाने लिहिली आहे. नियम सांगणारे पुष्कळ होते. 'हा माणूस आला, त्याचा डोळा असा होता, मी हे केलं, पुढे असं झालं', हे लिहिणारे फार थोडे.

कारण लिहायचं म्हणजे परिणामासाठी थांबायचं, आणि थांबणं सगळ्यांना परवडत नव्हतं. शलाकेने मोतीबिंदू पाडणारे फिरते वैद्य आपल्या देशात गावोगाव हिंडत. शलाकेने भिंग खाली ढकललं की रोग्याला तत्काळ उजेड दिसे, माणसांचे चेहरे दिसत, घरात आनंद होई, वैद्याला बिदागी मिळे. पण ते ढकललेलं भिंग डोळ्यातच राही. पुढे डोळा सुजे, दुखे, दाब वाढे आणि कित्येकदा कायमचा जाई. तोवर वैद्य चार गावं पुढे गेलेला असे. मद्रासच्या सरकारी नेत्ररुग्णालयाचे अधीक्षक राहिलेले रॉबर्ट हेन्री इलियट यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला असे डोळे तपासून त्यांच्या नोंदी जमवल्या आणि या भारतीय शस्त्रक्रियेवर इंग्रजीत ग्रंथच लिहिला. तेव्हा कुठे नुकसानीचा अंदाज आला. बरे झालेले लोक गावात दिसत होते. बिघडलेले डोळे कोणाच्याच वहीत नव्हते.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. युरोपात जॉन टेलर नावाचा इंग्रज नेत्रवैद्य गाडीतून शहरोशहरी फिरे, जाहिरात करून शस्त्रक्रिया करी आणि पट्टी सुटायच्या आत गाव सोडी. थोर संगीतकार बाख यांच्या डोळ्यांवर त्याने १७५० मध्ये दोनदा शस्त्रक्रिया केली. बाखची नजर गेलीच, आणि त्याच वर्षी २८ जुलैला ते वारले.

आता तंजावरला जाऊ. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी कावेरीकाठी जे मराठी राज्य उभं केलं, त्याच वंशात दत्तक आलेले दुसरे सरफोजी महाराज १७९८ मध्ये गादीवर बसले. त्यांचा जन्म १७७७ चा. श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली त्यांचं शिक्षण झालं होतं. पुढच्याच वर्षी, १७९९ मध्ये, इंग्रजांशी तह झाला आणि राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे उरला तो किल्ला, मान आणि वर्षासन. दुसरा एखादा संस्थानिक शिकारीत आणि नाचगाण्यात रमला असता. सरफोजींनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं, देवनागरी छापखाना काढला, धन्वंतरी महाल उभारून औषधांचा अभ्यास करवला. बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा तो प्रचंड मराठी शिलालेखही त्यांच्याच काळातला.

या राजाला डोळ्यांच्या वैद्यकाची ओढ होती. शस्त्रक्रियेच्या अवजारांची पेटी ते प्रवासातही बरोबर ठेवत आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया करत असं सांगितलं जातं. नुसतं सांगणं असतं तर मी ते राजेलोकांच्या कौतुकात जमा केलं असतं. पण सरस्वती महालात हस्तलिखितं आहेत. सप्टेंबर २००३ मध्ये चेन्नईच्या शंकर नेत्रालयाचे डॉ. बद्रीनाथ आणि भोसले घराण्याचे वंशज बाबाजी राजे भोसले यांची भेट झाली, आणि त्या बोलण्यातून या दोनशे वर्षांपूर्वीच्या कागदांकडे पुन्हा लक्ष गेलं. नेत्ररुग्णांच्या या नोंदी आहेत. सरफोजींनी केल्या असं मानल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियांची हकीकत त्यांत इंग्रजीत सविस्तर लिहिली आहे, डोळ्यांची चित्रंही आहेत.

राज्य गेलेला एक मराठी राजा समोरच्या रयतेच्या डोळ्याची नोंद ठेवतो, ही गोष्ट मला शिलालेखापेक्षा मोठी वाटते. शिलालेखात वंशाची नावं आहेत, ती राजाची. या कागदांत ज्यांची दुखणी आहेत ती माणसं इतिहासात दुसरीकडे कुठेही भेटणार नाहीत. आणि अशी नोंद ठेवणाऱ्याला आपला हात कुठे चुकला हे लपवता येत नाही.

तरीही ही एका राजाची हौस होती. त्याच्या पश्चात ती पुढे चालली नाही. एका माणसाच्या वहीतली नोंद आणि सगळ्या जगाला एकसारखी वाचता येईल अशी नोंद, यांत मोठं अंतर आहे. ते अंतर कापायला शंभर वर्षं गेली, आणि सुरुवात डोळ्यांपासून झाली नाही. ती झाली मरणापासून.

इंग्लंडमध्ये जन्ममृत्यूची नोंद सक्तीची झाली, तेव्हा विल्यम फार नावाच्या माणसाच्या लक्षात आलं, की एकच आजार एक डॉक्टर एका नावाने लिहितो आणि दुसरा दुसऱ्या. मग बेरीज करायची कशाची? १८५३ मध्ये ब्रुसेल्सला आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषद भरली आणि मृत्यूच्या कारणांची सर्व देशांना चालेल अशी यादी करायचं ठरलं. पुढे १८९३ मध्ये पॅरिसच्या झाक बर्तियों यांनी केलेली यादी शिकागोच्या बैठकीत मान्य झाली. ती दर दहा वर्षांनी सुधारत न्यायची अशी प्रथा पडली. आज 'आयसीडी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रोगवर्गीकरणाचं मूळ हे.

पण ही यादी मुख्यतः मरणाच्या कारणांची. मोतीबिंदूने माणूस मरत नाही. तो भिंतीला हात लावत चालतो, ताटातली भाजी चाचपतो, नातवाला आवाजावरून ओळखतो, आणि पुढे कधीतरी ताप येऊन किंवा पडून वारतो. मरणाच्या दाखल्यावर ताप लिहिला जातो. त्याआधीची आंधळी दहा वर्षं कुठल्याच रकान्यात येत नाहीत.

आपल्या देशात आंधळ्यांची मोजणी मात्र दुसऱ्या वाटेने होत होती. इंग्रजी अमदानीतल्या शिरगणतीत १९३१ पर्यंत व्यंगांचा एक रकाना असे. वेडे, मुकेबहिरे, महारोगी आणि अंध यांची नोंद त्यात होई. गणना करणाऱ्याला सूचना अशी, की दोन्ही डोळ्यांनी अंध असेल त्यालाच लिहावं, एका डोळ्याने अंध असलेल्याला लिहू नये. म्हणजे आमच्या मध्य प्रांतातल्या एखाद्या खेड्यातही गणना करणाऱ्याला दारात उभं राहून विचारावं लागे, 'एक की दोन्ही?' कारण मात्र तो विचारत नसे. देवीने डोळे गेले, खुपऱ्यांनी गेले, की मोतीबिंदूने, याला रकाना नव्हता. किती आंधळे हे कळे. त्यांतले किती एका शस्त्रक्रियेने पुन्हा पाहू शकले असते हे कळत नसे.

या 'एक की दोन्ही'चं महत्त्व आपल्या काळातही दिसलं. २००१ च्या जनगणनेत दृष्टीचं अपंगत्व असलेले सुमारे १ कोटी ६ लाख लोक मोजले गेले. २०११ मध्ये हा आकडा ५० लाखांच्या आसपास आला. दहा वर्षांत निम्म्याहून अधिक लोकांना दिसू लागलं का? शस्त्रक्रिया वाढल्या हे खरं. पण २००१ मध्ये एकाच डोळ्याने नीट दिसणाऱ्यालाही मोजलं होतं, २०११ मध्ये त्याला वगळलं. व्याख्या बदलली की लाखो माणसं एका रात्रीत यादीतून बाहेर जातात, त्यांच्या डोळ्यांत काहीही बदल न होता.

१९४८ साली जागतिक आरोग्य संघटनेने या वर्गीकरणाची सहावी आवृत्ती स्वीकारली. तिच्यात मरणाच्या कारणांबरोबर, माणूस जगत असताना भोगतो त्या आजारांनाही रीतसर स्थान मिळालं. नवव्या आवृत्तीत मोतीबिंदूचा क्रमांक ३६६ होता. १९९० मध्ये मान्य झालेल्या दहाव्या आवृत्तीत उतारवयातला मोतीबिंदू 'एच २५' या खणात गेला, इतर प्रकार 'एच २६' मध्ये, आणि जन्मतः असलेला मोतीबिंदू अगदी वेगळ्या, जन्मजात दोषांच्या 'क्यू १२' या खणात. मार लागून झालेला वेगळा, औषधांमुळे, म्हणजे स्टेरॉइडसारख्या गोळ्या वर्षानुवर्षं घेऊन झालेला वेगळा, मधुमेहातला वेगळा. उतारवयातल्या मोतीबिंदूतही भिंगाचा गाभा कडक आणि पिवळा पडला, की कडेकडेने पांढऱ्या रेघा आल्या, की मागच्या आवरणाशी डाग पडला, हे वेगळं.

सामान्य माणसाला वाटेल, एवढा कीस कशाला काढायचा? काढायची ती गोष्ट तर एकच. पण मागच्या आवरणाजवळचा छोटा डाग असलेल्या माणसाला भर उन्हात काही दिसत नाही आणि सायंकाळी बरं दिसतं. गाभा कडक झालेल्याला जवळचं वाचता येऊ लागतं, त्याला वाटतं डोळे सुधारले. शस्त्रक्रियेची पद्धतही भिंग किती कडक आहे यावर ठरते. आणि आपल्याकडे काही ठिकाणी काचबिंदूला 'काळा मोतिया' म्हणतात, हे तर घातकच. मोतीबिंदूने गेलेली नजर शस्त्रक्रियेने परत येते, काचबिंदूने गेलेली येत नाही. 'मोतियाच आहे, पिकला की काढू' म्हणून काळ्या मोतियाचा माणूस थांबला, की तो कायमचा अंधारात जातो.

एवढं करूनही दहाव्या आवृत्तीच्या मूळ आकड्यात डोळा कोणता हे येत नव्हतं. अमेरिकेने तिचा आपला विस्तार केला आणि १ ऑक्टोबर २०१५ पासून तो वापरात आणला. त्यात शेवटचा आकडा बाजू सांगतो. १ म्हणजे उजवा, २ म्हणजे डावा, ३ म्हणजे दोन्ही. उतारवयातला गाभ्याचा मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत असेल तर 'एच २५.१३'. उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली की मात्र हा आकडा त्या माणसाला लागू राहत नाही. आता डावाच उरला, म्हणून 'एच २५.१२', आणि उजव्यात कृत्रिम भिंग बसवल्याची नोंद निराळी. म्हणजे 'दोन्ही' हे निदान पहिल्या शस्त्रक्रियेच्या दिवसापर्यंतच खरं असतं. कागद त्या दिवशी बदलायला हवा. २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत तर आजाराच्या आकड्याला उजवा, डावा किंवा दोन्ही अशी जोड देण्याची सोय जगभरासाठीच केली आहे. सुश्रुताने हात सांगताना जी बाजू पाहिली, ती जगाच्या यादीत यायला एवढा काळ लागला.

आता आपल्या देशाचा हिशेब. १९७६ मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९८६ ते ८९ च्या पाहणीत शंभरातले जवळजवळ दीड लोक अंध आढळले, आणि त्यांतल्या ऐंशी टक्क्यांच्या अंधत्वाचं कारण मोतीबिंदू होतं. १९९४ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने सात राज्यांत मोतीबिंदूचा मोठा प्रकल्प सुरू झाला, त्यांत महाराष्ट्र होता. शाळेच्या वर्गखोल्यांतली शिबिरं हळूहळू रुग्णालयांत गेली, जाड भिंगांच्या चष्म्याऐवजी डोळ्यात भिंग बसू लागलं. २०१० नंतरच्या दशकात देशात दर वर्षी साठ लाखांहून अधिक शस्त्रक्रिया होत होत्या. २०१५ ते १९ च्या पाहणीत अंधत्वाचं प्रमाण ०.३६ टक्क्यावर आलेलं दिसलं. इथेही २०१७ मध्ये अंधत्वाची व्याख्या बदलली होती हे लक्षात ठेवायला हवं, पण प्रगती मोठी आहे यात शंका नाही. तरीही पन्नाशीच्या पुढच्या अंधांमध्ये ६६ टक्के लोक मोतीबिंदूनेच अंध होते.

यात एक गणित आहे. अंधत्व माणसांत मोजतात आणि शस्त्रक्रिया डोळ्यांत. दोन्ही डोळे गेलेली शंभर माणसं आहेत असं धरा, म्हणजे दोनशे डोळे. शंभर शस्त्रक्रियांची सोय आहे. प्रत्येकाचा एकेक डोळा केला तर शंभर माणसं काठी टाकून चालू लागतील. पन्नास जणांचे दोन्ही डोळे केले तर पन्नास माणसं अंधारातच राहतील. अहवालात दोन्हीकडे लिहिलेलं असेल, 'शस्त्रक्रिया १००'. यांतलं नक्की काय झालं हे कळायला एकच मार्ग आहे. प्रत्येक कागदावर दोन्ही डोळ्यांची नजर वेगवेगळी लिहिलेली हवी, शस्त्रक्रियेआधीची आणि नंतरची. १८६२ मध्ये हॉलंडच्या स्नेलेन यांनी अक्षरांचा जो तक्ता दिला, त्यावरून ६/६, ६/६० असं लिहितात. अक्षर दिसत नसेल तर किती अंतरावरून बोटं मोजता येतात, तेही नसेल तर हात हलवलेला कळतो का, तेही नसेल तर उजेड कळतो का. एवढ्या पायऱ्या आहेत. सगळ्यांना मिळून 'दिसत नाही' असं लिहून चालत नाही.

चिखल्याला हे कसं दिसतं ते सांगतो. तुमसर तालुक्यातलं हे गाव मँगनीजसाठी प्रसिद्ध. तुमसर रोडहून तिरोडीकडे जाणाऱ्या गाडीने गोबरवाहीला उतरायचं. जमिनीखालची खाण आहे, मध्य प्रदेशची हद्द जवळच. खाणीच्या नोकरीतल्या माणसाचे डोळे कागदावर येत. १९५५ च्या खाण नियमांप्रमाणे कामावर घेताना आणि नंतर ठरावीक मुदतीने वैद्यकीय तपासणी होई, आणि तिच्या 'ओ' नमुन्यात उजव्या आणि डाव्या डोळ्याची नजर स्वतंत्र लिहिली जाई. कामगारांना त्याची धास्ती असे, पण तो कागद म्हातारपणी कामी येतो. जे धानाच्या बांधीत राबले, किंवा ठेकेदाराकडे रोजाने मँगनीज निवडत बसले, त्यांच्यापैकी कितीतरी जणांच्या डोळ्यांची पहिली नोंद थेट शिबिरातच होते.

बी. ए. झालेला म्हणून गावातले लोक कागद वाचायला माझ्याकडे आणतात. अशाच एक आजी आल्या. उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया होऊन वर्ष होत आलं होतं, डावा पांढरा झाला होता. त्यांच्या हातातल्या कार्डावर दोनच ओळी होत्या: निदान, मोतीबिंदू, उपचार, शस्त्रक्रिया झाली. डोळा कोणता, दुसऱ्याचं काय, काहीच नाही. त्या कार्डावरून गावच्या यादीत त्यांच्या नावापुढे 'झालं' अशी खूण पडली होती. पुढच्या शिबिराची नावं पुकारली, त्यात त्या नव्हत्या. मला म्हणाल्या, "भाऊ, माहा येकच डोरा झाला ना जी. कागद मनते सगरंच झालं."

शिबिर कोणाचं होतं हे सांगण्यात अर्थ नाही. तिथल्या डॉक्टरांनी उजवा डोळा उत्तम केला होता. मी अर्ज लिहिला, दोन फेऱ्या झाल्या, 'कार्डावर तर झालेलं आहे' असंच उत्तर मिळालं. तेवढ्यात तो डावा डोळा एका रात्री लाल झाला, कपाळ फुटेल असं दुखू लागलं. फार पिकलेल्या मोतीबिंदूतला द्रव झिरपला की डोळ्याचा दाब असा वाढतो. तातडीने शस्त्रक्रिया झाली, दुखणं थांबलं, पण त्या डोळ्याला आता हाताच्या अंतरावरची बोटं तेवढी मोजता येतात. उजवा चांगला आहे म्हणून त्यांचं चालतं. 'डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू, शस्त्रक्रिया बाकी', एवढे शब्द त्या कार्डावर असते तर डावा वाचला असता असं मला वाटतं.

कामगाराच्या बाबतीत तर बाजू म्हणजे पैसाही. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या अनुसूचीत एका डोळ्याची नजर गेली आणि दुसरा चांगला असला तर कमाईची क्षमता ३० टक्के गेली असं धरलं जाई, आणि दोन्ही डोळ्यांची नजर गेली तर १०० टक्के. त्याच कायद्यात व्यावसायिक आजारांच्या यादीत भट्टीच्या धगीने, म्हणजे अवरक्त किरणांनी होणारा मोतीबिंदूही होता. पण आयुष्यभर भट्टीसमोर उभ्या राहिलेल्या माणसाच्या कागदावर कोणी 'वयोमानाने झालेला मोतीबिंदू' लिहिलं, की त्याचा हक्क मिळवणं अवघड होई. अर्थात ती एक ओळ म्हणजे शेवटचा शब्द नव्हे, तिला आव्हान देता येतं.

आता कोणी म्हणेल, डॉक्टरांसमोर शंभर माणसांची रांग असते, ते लिहितील कधी? हे म्हणणं खोटं नाही. पण रांग मोठी असते तिथेच चूक होते. २००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेआधी तपासायची एक छोटी यादी जगभर दिली. रुग्ण कोण, शस्त्रक्रिया कोणती आणि बाजू कोणती, हे भूल देण्याआधी विचारायचं आणि जागेवर खूण करायची. मोठमोठ्या रुग्णालयांतही चुकीच्या बाजूवर हात गेला होता, म्हणून ही यादी आली. उजवा किंवा डावा लिहायला एक क्षण लागतो.

आणि थोडं काम आपलंही आहे. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शिबिरात किंवा दवाखान्यात नेलंत, तर परत येताना कागद तिथेच उभं राहून वाचा. मोतीबिंदू कोणत्या डोळ्यात आहे, एका की दोन्ही? कोणत्या प्रकारचा? दोन्ही डोळ्यांची नजर वेगवेगळी लिहिली आहे का? शस्त्रक्रिया कोणत्या डोळ्याची, कोणत्या तारखेला? बसवलेल्या भिंगाच्या नंबराची चिकटपट्टी कार्डावर लावली आहे का? दुसऱ्या डोळ्याचं काय करायचं आणि केव्हा यायचं? मधुमेह, काचबिंदू असेल तर तो लिहिला आहे का? यांतलं काही नसेल तर नम्रपणे म्हणा, "डॉक्टरसाहेब, एवढं लिहून द्या." बहुतेक डॉक्टर देतात. आणि तो कागद पिठाच्या डब्याखाली ठेवू नका. त्याची एक प्रत काढा, आणि गावच्या आशाताईंच्या यादीतही तेच लिहिलंय ना, हे एकदा पाहून घ्या.

सरफोजी महाराजांच्या पदरी कारकून होते, चितारी होते, वेळही होता. आपल्याकडे छापील कार्ड आहे, त्यावर 'उजवा' आणि 'डावा' असे दोन रकाने असतात. ते दोन्ही भरलेले आहेत की नाहीत, एवढं पाहायचं आहे.